विषय: मागच्या खोलीची भिंत, शनिवारचा रंग

ग्रंथालय समिती:
मंडळी, शनिवारी मागच्या खोलीला रंग. खिडकीखाली पुन्हा पोपडे निघालेत, तेवढे खरवडून वर दोन हात मारू. मुलांचा वर्ग दुसऱ्याच दिवशी आहे, त्यामुळे उरकायलाच हवं. कोण कोण येतंय?

एक सभासद:
ताई, त्याच जागी दुसऱ्यांदा पोपडे म्हणजे बहुतेक भिंतीत ओल. हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. आतून पाणी धरलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरून दव आलं तर ती खोलीतल्या हवेतली वाफ. बाहेरचं पन्हळ कुणी बघितलंय का?

इमारत समिती:
पन्हळ आम्हीच साफ केलंय. इमारतीची कामं आमच्याकडे आहेत, हे सभेत ठरलंय. निदान आधी विचारा. रंग, ब्रश आणून झालेत. चांगला प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, मारला की रंग धरतो. तारीख बदलली तर माणसं पुन्हा जमत नाहीत.

वर्गातल्या मुलीची आई:
खालचा थरच सुटा असेल तर प्रायमरसकट पोपडा खाली येतो. पण माझी काळजी वेगळी आहे. ग्रंथालयाची इमारत जुनी आहे. जुन्या रंगांत शिसं असायचं. अमेरिकेतसुद्धा घरगुती रंगांत त्यावर बंदी आली ती १९७८ साली. कोरडं घासलं की ती धूळ जमिनीवर बसते, आणि मुलं तिथेच बसून अक्षरं गिरवतात, तेच हात तोंडात घालतात. शिसं लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं, अगदी थोडंसुद्धा. रंगाचा नमुना शिशासाठी तपासून येईपर्यंत कुणीही भिंत खरवडू नका, कृपया.

ज्येष्ठ सभासद:
प्रायमरबद्दल. आधी स्पिरिटचा बोळा फिरवा. रंग बोळ्यावर उतरला तर पाण्याचा, नाही उतरला तर तैलरंग. आमच्या जिन्यात चकचकीत तैलरंगावर थेट पाण्याचा रंग दिला होता, वर्षभरात सालीसारखा सुटला. आणि हाताला पांढरी भुकटी लागली तर खाली डिस्टेंपर, म्हणजे खडूच्या भुकटीचा रंग असणार, तो धुऊनच काढावा लागतो.

इमारत समिती:
काका, तैलरंग निघाला तर चकाकी मोडायला घासावंच लागेल ना? मग काय करायचं?

वर्गातल्या मुलीची आई:
शिसं नाही आलं तर पाणी मारून ओलंच घासा. आलं तर आपल्यापैकी कुणीच हात लावायचा नाही, त्याचं प्रशिक्षण घेतलेला माणूस बोलवा.

ग्रंथालय समिती:
शनिवारचा रंग रद्द. वर्ग पुढच्या खोलीत घेऊ. प्लास्टिक मी आज लावते, नमुना इमारत समितीने पाठवावा. कपाटं भिंतीपासून सरकवायला दोघं हवेत, खालच्या खणात कोश आहेत. मागच्या दाराची किल्ली कुणाकडे आहे?