योहान १:१ : ‘शब्द देव होता’ की ‘शब्द एक देव होता’? अभ्यासात कसं मांडायचं?

घाटंजीकर
रविवारी उपासनेनंतर तासभर अभ्यास असतो. बारा-पंधरा जण, बहुतेक शेतमजूर. हातात मराठी पवित्र शास्त्र, नाही तर मोबाइल. गावात वाटलेल्या एका पत्रकात म्हटलंय की मूळ ग्रीकमध्ये योहान १:१ ला ‘शब्द एक देव होता’ असं आहे (‘शब्द’ म्हणजे इथे येशू), येशू हा देवाने निर्माण केलेला पहिला, आणि त्रैक्य (पिता, पुत्र आणि आत्मा मिळून एकच देव ही शिकवण) ३२५ साली कॉन्स्टंटाइन राजाने मतदान घेऊन लादलं. दोन घरांनी हे उचलून धरलंय. आजवर पाणी-बर्फ-वाफ (एकच पदार्थ, तीन रूपं) सांगून निभावलं, आता निभत नाही. ग्रीकचं नेमकं काय आहे, कोणती वचनं आधी घ्यावी आणि उदाहरण कोणतं द्यावं?

पैनगंगा_काठ
पत्रकातलं निम्मं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. ग्रीकमध्ये नामाआधी उपपद (इंग्रजीतल्या ‘the’सारखा शब्द) येतं. ‘शब्द देवासह होता’ इथे ‘देव’ला उपपद आहे, ‘शब्द देव होता’ इथे नाही, नुसतं ‘थेओस’ आहे. मराठीत उपपदच नसल्यामुळे हा फरक आपल्या भाषांतरात दिसत नाही.

पण उपपद नाही म्हणजे ‘एक देव’, हा नियम त्याच अध्यायात कोसळतो. १:६ मध्ये योहानाला देवाने पाठवलं, १:१२ मध्ये देवाची मुलं, १:१८ मध्ये देवाला कोणी कधी पाहिलं नाही. तिन्हीकडे उपपद नाही. तिथे कोणी ‘एका देवाने पाठवलेला’ असं करत नाही. उलट १:१ च्या शेवटी उपपद असतं तर ‘शब्द म्हणजेच तो पिता’ असा अर्थ झाला असता, आणि लगेच आधीचं ‘देवासह’ निरर्थक ठरलं असतं. योहान तिथे शब्द कोण हे सांगत नाही, शब्द काय आहे हे सांगतो. आणि २०:२८ ला थोमा येशूला ‘माझा प्रभू व माझा देव’ म्हणतो, तिथे ‘देव’ला उपपद आहे. पत्रकवाल्यांना आधी हे विचारा.

मात्र यातलं काहीही फळ्यावर लिहू नका. ग्रीक काढलं की लोक गप्प बसतात, पटत काहीच नाही. त्याऐवजी १:३ वाचा: ‘जे काही झाले ते त्याच्यावाचून झाले नाही.’ झालेलं सगळं त्याच्याद्वारे झालं, तर तो स्वतः झालेल्यांत कसा मोजायचा? एवढं एकाकडून मोठ्याने दोनदा वाचून घ्या आणि थांबा.

मेळघाट_वाट
मी त्रैक्य न मानणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. घाटंजीकर भाऊ, तुम्ही फक्त तुमची वचनं वाचलीत तर ती दोन घरं पुढच्या रविवारी येणार नाहीत. योहान १७:३ (पिता ‘एकच खरा देव’), योहान १४:२८ (पिता माझ्यापेक्षा थोर), मार्क १३:३२ (तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही), १ करिंथ ८:६ (एकच देव, म्हणजे पिता), ही चारही त्यांच्याकडूनच वाचून घ्या.

यांना तुमच्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘ते मानवपणाच्या अंगाने’. ‘एक व्यक्ती, दोन स्वभाव’ ही त्याची रेखीव मांडणी ४५१ साली खाल्कीदोनच्या परिषदेत झाली. आधी फिलिप्पै २:६-८ (येशूने स्वतःला रिक्त करून दासाचं रूप घेतलं) न वाचता हे उत्तर दिलंत तर ती पळवाट वाटते. आधी फिलिप्पै, मग मार्क. क्रम उलटला की बोलणं फसतं.

एका ठिकाणी मात्र पत्रकाची बाजू कच्ची आहे. कलस्सै १:१५ मधल्या ‘ज्येष्ठ’ शब्दावरून ‘पहिला निर्माण झालेला’ असं काढतात. पण स्तोत्र ८९:२७ मध्ये दाविदालाही ज्येष्ठ करीन म्हटलंय, आणि दावीद तर इशायाचा धाकटा मुलगा. तिथे ज्येष्ठ म्हणजे मान, वय नव्हे.

आणि १ योहान ५:७ मधलं ‘स्वर्गात साक्ष देणारे तिघे’ हे चुकूनही वापरू नका. ते जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मसने १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं, १५२२ ला घातलं. १६११ च्या इंग्रजी बायबलात सापडतं म्हणून कोणी वाचायला गेलं, की अख्खा अभ्यास तिथेच हातचा जातो.

पऱ्हाटी
इतिहासाचं मी सांगतो, कारण मोबाइलवर सगळ्यात जास्त फिरते ते हेच. नायकेआत, म्हणजे ३२५ सालच्या त्या बिशपांच्या परिषदेत, ‘येशू देव आहे का’ यावर मतदान झालंच नाही. ज्याच्या शिकवणीवरून ही परिषद भरली तो धर्मगुरू अरियसही त्याला देव म्हणायचा, पण घडवलेला. ‘तो नव्हता असा एक काळ होता’ हे त्याचं म्हणणं. वाद होता तो देव कसा, यावर. जवळपास सगळ्या बिशपांनी सही केली, लिबियाकडच्या दोघांनी शेवटपर्यंत केली नाही. आणि राजाने लादलं म्हणावं तं त्याच कॉन्स्टंटाइनचा बाप्तिस्मा ३३७ साली अरियसकडे झुकलेल्या बिशपाच्या हातून झाला. पुढे त्याचा मुलगा अरियसवाल्यांकडून, आणि नायकेआची बाजू लढवणारा अथनेशियस पाच वेळा हद्दपार. लादलेल्या गोष्टीची अशी वरात निघत नाही बाप्पा. त्याच्याही दोनशे वर्षं आधी, ११२ च्या सुमारास, प्लिनी नावाचा रोमी सुभेदार बादशहाला लिहितो की हे लोक ख्रिस्ताला देव समजून गाणी म्हणतात.

नंतरचं भांडण ग्रीकमधल्या एका अक्षराचं होतं: पुत्राचं तत्त्व पित्याचं ‘तेच’ की ‘तसंच’. मराठीतही एका ‘स’चाच फरक, सोपं जाते.

आता उदाहरण. पाणी-बर्फ-वाफ आजच बंद करा. त्यात एकच जण वेष बदलतो, आणि मत्तय ३:१६-१७ मध्ये पुत्र यार्देनेत, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि पित्याची वाणी वरून, तिघं एकाच वेळी. बेलाच्या पानात प्रत्येक दल तिसरा हिस्सा होते, तेही नाही. त्रिमूर्ती सांगितली की उत्पत्ती-स्थिती-लय अशी कामं वाटली जातात.

‘जनित, निर्मित नव्हे’ (पुत्र पित्यापासून जन्मलेला, घडवलेला नाही, हे नायकेआचं म्हणणं) एवढंच समजावायचं असेल तर तान्हा पोळा घ्या. सुतारानं घडवलेला लाकडाचा नंदी कितीही देखणा असो, सुतार होत नाही. गाईच्या पोटचं वासरू मात्र गाईच्याच जातीचं. अरियसच्या मते पुत्र तो नंदी, नायकेआच्या मते ते वासरू. पण उदाहरण कुठे तुटते तेही लगेच सांगा: वासरू गाईच्या नंतर येते, आणि पुत्राला ‘नंतर’ नाही. हे आपण सांगितलं नाही तं समोरचा सांगतेच.

घाटंजीकर
हौ, वासरू चालेल. योहान १०:३० ‘मी आणि पिता एक आहोत’ इथे घ्यावं का? आमच्यात ‘फक्त येशूच्या नावाने बाप्तिस्मा’ म्हणणारेही एक दादा आहेत, ते हेच वचन दाखवून पिता म्हणजेच येशू म्हणतात.

पैनगंगा_काठ
घ्या, पण ‘आहोत’वर बोट ठेवून. ग्रीकमध्ये ‘एक’ नपुंसकलिंगी आहे, म्हणजे ‘एक जण’ नव्हे. मराठीत ते लिंग निसटतं, पण क्रियापद अनेकवचनी राहतं. ‘एक’ पत्रकवाल्यांना उत्तर, ‘आहोत’ दादांना. दादा प्रेषितांची कृत्ये २:३८ (येशूच्या नावाने बाप्तिस्मा) काढतील, तुम्ही मत्तय २८:१९ काढाल. तिथे तिघांची नावं घेऊनही ‘नाम’ एकवचनी आहे, हे दोघांनाही दाखवा. बाप्तिस्म्याचा विषय त्या दिवशी वाढवू नका, त्याला वेगळा रविवार लागतो.

‘तीन व्यक्ती’ हा शब्दही पहिल्या दिवशी टाळा. मराठीत व्यक्ती म्हटलं की तीन माणसं बाकावर बसलेली दिसतात. ‘पिता, पुत्र, आत्मा’ एवढंच म्हणा. पंडिता रमाबाई १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही त्रैक्याच्याच मुद्द्यावर इंग्लंडातल्या गुरुजनांशी पत्रांतून वाद घालत होत्या. तेव्हा एका तासात सगळ्यांचं पटेल असं धरून चालू नका. योहान १:१-३, फिलिप्पै २:६-११, मार्क १३:३२, तीनच उतारे, याच क्रमाने. प्रत्येकी वीस मिनिटं.