मदत हवी आहे : सॅसमधील डेटासेट ओरॅकलमधील टेबलशी जोडणे
नमस्कार. सॅस या माहिती-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधील सुमारे २०,००० ग्राहक क्रमांकांचा डेटासेट मला ओरॅकल डेटाबेसमधील कोट्यवधी ओळींच्या व्यवहारांच्या टेबलशी प्रॉक एसक्यूएलने (सॅसमध्ये एसक्यूएल चालवण्याच्या सोयीने) जोडायचा आहे. लिबनेममार्फत (सॅसला ओरॅकलशी जोडणाऱ्या आज्ञेने) जॉइन केल्यास, सॅसट्रेस (डेटाबेसकडे जाणाऱ्या क्वेरी दाखवणारा पर्याय) चालू ठेवल्यावर लॉगमध्ये दिसते त्याप्रमाणे, ओरॅकलकडे अटीविना सिलेक्ट जातो; म्हणजे संपूर्ण टेबल नेटवर्कवरून ओढले जाते आणि जुळवणी माझ्या सर्व्हरवर होते. इन (IN) या अटीच्या यादीत क्रमांक द्यावेत, तर आमच्याकडील जुन्या आवृत्तीचे ओरॅकल एका यादीत १००० पेक्षा जास्त मूल्ये स्वीकारत नाही. क्रमांक ओरॅकलमधील तात्पुरत्या टेबलात भरून जॉइन तिथेच करणे मला सर्वांत योग्य वाटते, परंतु मला केवळ वाचनाचा अधिकार आहे. अशा स्थितीत सॅसमधील डीबीकी पर्याय (दिलेल्या स्तंभाच्या मूल्यांनुसार ओरॅकलमधून फक्त जुळणाऱ्या ओळी मागवणारा) एवढ्या क्रमांकांसाठी कोणी वापरला आहे का? जॉइनच्या स्तंभावर इंडेक्स आहे. कृपया नमुना कोडसह मार्गदर्शन करावे.