9 मिमी आणि .38 स्पेशलसाठी रीलोडिंग प्रेस: टरेट घ्यावा की प्रोग्रेसिव्ह?

मंडळी, रीतसर परवान्यावर पिस्तूल नेमबाजी करतो. आता काडतुसं स्वतः भरायची ठरवलंय, पण प्रेसच्या, म्हणजे रिकाम्या पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या नळीत) दारू आणि गोळी बसवायच्या यंत्राच्या, निवडीवर गाडी अडली आहे. महिन्याला साधारण 300 राउंड लागतात. बहुतेक 9 मिमी, थोडे .38 स्पेशल.

सिंगल स्टेज प्रेसला एका वेळी एकच डाय (पुंगळीवर एक ठरावीक काम करणारा साचा) लागते. माझ्या हिशेबाने चार डाय म्हणजे एका पुंगळीला चार वेळा दांडा ओढायचा, वर प्रत्येक वेळी पुंगळी काढा-घाला. टरेटमध्येही चार वेळाच ओढावा लागतो, पण डाय फिरत्या डोक्यावर बसवलेल्या असतात आणि पुंगळी जागची हलत नाही. प्रोग्रेसिव्हमध्ये दर ओढीला एक तयार काडतूस पडतं. ते मोहात पाडणारंच आहे, पण तेवढ्या वेळात चार-पाच ठिकाणी लक्ष ठेवणं मला जमेल का?

ही भीती उगाच नाही. गेल्या महिन्यात शेजारच्या लेनवर एकाच्या पिस्तुलातून नुसतं 'फुस्स' झालं. तो तिथेच थांबला म्हणून बरं. त्या पुंगळीत दारू पडलीच नव्हती, प्रायमरच्या (बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीच्या) जोरावर गोळी नळीत निम्म्यावर जाऊन रुतली होती. मागून दुसरी झाडली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

उलट बाजूने, म्हणजे दारू दुप्पट पडण्याच्या बाबतीत, .38 स्पेशल जास्त फसवी. 1898 च्या सुमाराची, काळ्या दारूच्या जमान्यातली ही रचना. पुंगळी 29 मिमी लांब आणि आजची धूरविरहित दारू तिच्या तळाशी जेमतेम. दुप्पट पडली तरी बाहेर सांडत नाही, म्हणजे डोळ्यांनी आत पाहिल्याशिवाय कळणारच नाही.

यादीत ली क्लासिक टरेट आणि डिलन 550 (हा प्रोग्रेसिव्ह) उरले आहेत. डिलन स्क्वेअर डील बी गाळला, कारण त्याच्या डाय त्याच्याच असतात, दुसऱ्या प्रेसला चालत नाहीत. 550 ची पुंगळ्या धरणारी प्लेट हाताने फिरवावी लागते. ती फिरवायची राहून त्याच पुंगळीत परत दारू पडणं, असं प्रत्यक्षात कितपत होतं? वापरणाऱ्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

होतं, पण लयीत काम चालू असताना सहसा नाही. प्रायमर अडकला, फोन वाजला, हात थांबला की होतं. मी 550 वर बरीच वर्षं भरतोय. मध्ये थांबावं लागलं तर दारूच्या डायखालची पुंगळी काढून रिकामी करतो, मग पुढे.

तुमच्या 300 साठी टरेट पुरे. त्याचा फिरवणारा दांडू काढला की तो सिंगल स्टेजसारखा चालतो, सुरुवातीला तसाच वापरा. 50 पुंगळ्या ट्रेमध्ये उभ्या करून दारू भरा आणि गोळी बसवण्याआधी टॉर्च मारून सगळ्या एका नजरेत बघा. कमी-जास्त पातळी लगेच डोळ्यात भरते. शक्यतो फुगीर दारू निवडा, दुप्पट पडली तर काठावरून सांडेल अशी. वजन मात्र कंपनीच्या तक्त्यातलंच, आणि सुरुवात खालच्या आकड्यापासून.

डाय कार्बाइडच्या घ्या, म्हणजे या दोन्ही पुंगळ्यांना तेल लावत बसावं लागणार नाही. पुढे 550 घेतलात तरी त्याच डाय चालतील, आटे सारखेच असतात.

प्रेसच्या आधी चांगला वजनकाटा घ्या. आणि भरताना टेबलावर दारूचा एकच डबा ठेवा, दुसरा कपाटात.