मदत हवी आहे: थाई सासरच्यांना कसं समजावावं?

नमस्कार मंडळी, थायलंडमध्ये राहिलेल्यांचा सल्ला हवा आहे. चियांग माईत माझ्यासोबत शिकवणाऱ्या एका डच सहकाऱ्याचं थाई मुलीशी लग्न ठरलंय. तो कुठलाच धर्म मानत नाही. मुलीच्या घरच्यांनी मात्र गोरा म्हणजे ख्रिश्चनच, हे धरून ठेवलंय. त्याच्या धर्माला बाध नको म्हणून सकाळी भिक्खूंच्या मंत्रपठणाला त्याला बसवायचंच नाही, असं ठरलंय. किती मायेने केलंय बघा! समज उगाच आलेला नाही. १८६७ साली अमेरिकन मिशनरी डॅनियल मॅकगिलव्हरी इथे आले आणि पुढे मिशनने शाळा, दवाखाने उभे केले.

त्याला मनापासून बसायचंय, हात जोडायचेत, शंखातलं पाणी हातांवर घेऊन मोठ्यांचे आशीर्वाद घ्यायचेत. पण 'माझा धर्मच नाही' म्हटलं तर आजीला तो संस्कारहीन वाटेल, ही मुलीला धास्ती. खोटं सांगायला तो तयार नाही, आणि मलाही ते पटत नाही.

कुणाची सासुरवाडी थाई आहे का? हे मोठ्यांसमोर कोणी काढावं: त्याने स्वतः, मुलीच्या आईने, की आधी त्यांच्या विहारातल्या भिक्खूंना भेटावं? लग्न पुढच्याच महिन्यात आहे.