दुकानातली मशीन विंडोज ११ वर न्यावीत का?

खिळेजुळणीकर

मंडळी, लालबागला आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, मंडळांचे अहवाल, शिवाय येता-जाता आधारची प्रिंट काढायला येणारे वेगळे. तीन मशीन, तिन्ही विंडोज १० वर. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने १० चा सपोर्ट बंद केला, तेव्हापासून भाच्याची भुणभुण चालू आहे की ११ घ्या.

काउंटरवरच्या मशीनचा प्रोसेसर आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ते ११ घेईल म्हणतात. आतली दोन सहाव्या पिढीची, ती पात्र नाहीत. त्यातल्या एकावर ३२ बिटची विंडोज मुद्दाम ठेवलीय, कारण पेजमेकर हे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर आणि जुन्या फॉन्ट पॅकेजचं डोंगल (मशीनला लावायची परवान्याची किल्ली) तिथेच चालतं. अहवालांच्या सगळ्या फाइली त्यातच. अहवालाचं काम कसं असतं ते इथल्या लोकांना माहीत आहे. गेल्या वर्षीची फाइल उघडायची, अध्यक्ष बदलायचा, हिशोबाचं पान नवं टाकायचं, देणगीदारांच्या यादीत सांगितलेली नावं वरखाली करायची. ती यादी नव्याने टाइप करताना एखादं नाव चार ओळी खाली घसरलं, तर तो गृहस्थ अहवाल हातात घेऊन दुकानात येतो.

माझं मत विचाराल तर चालत्या मशीनला हात लावू नये. तुमचं सांगा.

पॅचपांडू

काका, भाच्याचं ऐका. सपोर्ट बंद म्हणजे मशीन बंद पडणार असं नाही, पण यापुढे सुरक्षेत सापडणारी भोकं कुणी बुजवणार नाही. त्यात गंमत अशी की दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ११ साठी दुरुस्ती येते, तेव्हा काय दुरुस्त केलं ते चोरांनाही कळतं. दोन्ही विंडोजमधला बराच कोड एकच आहे, त्यामुळे तीच जागा ते १० मध्ये तपासून बघतात.

मे २०१७ चं वॉनाक्राय आठवा, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. भोक बुजवणारी दुरुस्ती, म्हणजे पॅच, मार्चमध्येच आला होता, ज्यांनी टाळला ते अडकले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाचा तसलाच व्हायरस आला आणि आपल्या न्हावा शेवाला जेएनपीटी बंदरामधलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. समुद्रापलीकडे उरणच्या बाजूला झालं हे, युक्रेनमध्ये सुरू झालेल्या लफड्यामुळे.

आणि तुमच्याकडे लोक आधार, पॅन, पासबुक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून प्रिंट काढतात ना? काउंटरच्या मशीनवरचा डाउनलोड्स फोल्डर आज उघडून बघा, किती जणांची कागदपत्रं पडलीयत. मशीन तुमचं असेल, ती कागदं गिऱ्हाइकांची आहेत.

गिरणगावचा गण्या

झालं, पॅचपांडूंनी भीती घातली. नॉटपेट्याचं उदाहरण देताय तर पूर्ण द्या की राव. तो पसरला तो नुसता त्या भोकातून नाही. एका मशीनच्या मेमरीतून पासवर्ड उचलायचा आणि त्याच्या जोरावर शेजारच्या मशीनमध्ये शिरायचं, असंही करत होता. पॅच मारलेली मशीनंही त्यात गेली. मग पॅचने काय दिवे लावले?

दुसरं, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह आजही अहवाल, पत्रिका, हिशोब सगळं झटक्यात करतो. त्यात एसएसडी टाकली असेल तर विचारायलाच नको. कॅनालिस या संस्थेने २०२३ मध्ये अंदाज दिला होता की १० बंद झाल्याने सुमारे २४ कोटी पीसी भंगारात जाऊ शकतात. बिल्डरने चांगल्या उभ्या चाळीला 'धोकादायक' अशी पाटी लावून घ्यावी, तसला प्रकार आहे हा. मशीनला काही झालेलं नाही, पाटी तेवढी बदलली.

काका, त्या पेजमेकरवाल्या मशीनची इंटरनेटची वायर काढा आणि निवांत राहा.

पॅचपांडू

गण्याभाऊ, नॉटपेट्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, निष्कर्ष उलटा आहे. पासवर्ड चोरायला त्याला आधी नेटवर्कमध्ये एक तरी मशीन हातात यावं लागत होतं. काकांच्या दुकानात तिन्ही मशीन एकाच स्विचवर आणि प्रिंटरसाठी फोल्डर शेअर केलेले असणार, पैज लावतो. एक कच्चं असलं की तिन्ही कच्ची.

वायर काढायचा सल्ला मात्र मला मान्य आहे. फक्त ते मशीन मग खरंच एकटं ठेवायला लागेल.

सीएताई

आमच्या ऑफिसचा अनुभव लिहिते, परळला आहोत.

दादा, आधी तीनही मशीनचा एकत्र निर्णय घेणं थांबवा. काउंटरवरचं पात्र आहे, त्याला ११ फुकट मिळतं, ते नेऊन टाका. तिथे 'पात्र नाही' असं आलं तरी लगेच खचू नका. ११ ला लागणारं टीपीएम, म्हणजे मशीनमधली सुरक्षेची सोय, आठव्या पिढीच्या बऱ्याच मशीनमध्ये असतं, पण बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बंद करून ठेवलेलं असतं. इंटेलवाल्यांकडे त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीकडे एफटीपीएम. ते चालू केलं की काम होतं. आमच्याकडे एका मशीनसाठी दुकानदार नवा मदरबोर्ड सुचवत होता.

वेळ मात्र जपून निवडा. आम्ही ११ तारखेचं जीएसटीआर-१ आणि २० तारखेचं ३बी या जीएसटीच्या विवरणपत्रांच्या आसपास कुणालाही काही अपग्रेड करू देत नाही. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालतो का, हे आधी एकाच मशीनवर बघितलं. तुमच्या बाबतीत गणपतीच्या आधीचे दोन महिने विसराच. अपग्रेडनंतर पसंत पडलं नाही तर दहा दिवसांच्या आत मागे जाता येतं, पण त्या दिवसांत जागा मोकळी करायच्या नादात जुन्या विंडोजचा फोल्डर उडवायचा नाही.

एक बारीक गोष्ट. नव्याने विंडोज टाकली तर मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट दिसत नाहीत आणि जुन्या वर्डच्या फाइलींची पानं सरकतात. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे पुरवणी फॉन्ट टाकले की पूर्ववत होतं. आमच्याकडे यावरून अर्धा दिवस 'व्हायरस आला' म्हणून गोंधळ चालला होता.

पेंग्विनप्रेमी

विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, सहाव्या पिढीवर लोण्यासारखं चालतं, पैसे शून्य.

गिरणगावचा गण्या

आले! कुठे होता इतका वेळ? पेजमेकर चालवून दाखवा त्याच्यावर.

पेंग्विनप्रेमी

वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायचं साधन) उघडेलही कदाचित, पण डोंगल ओळखायची खात्री मी देत नाही. पेजमेकरसाठी सांगतच नव्हतो. काकांकडे सहाव्या पिढीची दोन मशीन आहेत. त्यातलं दुसरं, ज्याच्यावर पेजमेकर नाही, ते मिंटवर का जाऊ नये? ब्राउझर, पीडीएफ, लिब्रेऑफिस, प्रिंट, एवढंच तर लागतं. आणि खरं दुखणं वेगळंच आहे. पेजमेकरला युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, कळत नाही. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची. काकांच्या अहवालात 'क' दिसतो तिथे आत कुठलं तरी इंग्रजी अक्षर बसलेलं आहे आणि वरून फॉन्टने त्याला 'क'चं सोंग दिलंय. तो फॉन्ट गेला की देणगीदारांची यादी म्हणजे नुसती अगम्य चिन्हं. विंडोज कुठली हा वाद दुय्यम आहे, त्या फाइली युनिकोडमध्ये आणायला घ्या.

खिळेजुळणीकर

पेंग्विनप्रेमी, हे वर्मावर बोललात. कन्व्हर्टर वापरून बघितलाय. नव्वद टक्के नीट येतं, पण रफार आणि पहिल्या वेलांट्या इकडेतिकडे उड्या मारतात. आडनावात रफार चुकला तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

सीएताई, टीपीएमचं काउंटरच्या मशीनवर उद्याच बघतो.

तपासणी चुकवून ११ टाकून देणारे लॅमिंग्टन रोडला बसलेत. त्यांच्याकडून आतली दोन्ही करून घ्यावीत का?

पॅचपांडू

टाकता येतं. आत्ता चालतंही. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेट मिळतीलच अशी हमी देत नाही. ज्यासाठी ११ घ्यायचं तीच गोष्ट अधांतरी. आणि पेजमेकरवाल्या मशीनला तर हात लावूच नका, ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. डोंगलचा ड्रायव्हर ३२ बिटचाच असेल तर ते त्या दिवशीच मेलं.

दुसऱ्या मशीनसाठी वर्षभराची मुदतवाढ घ्या ना. वैयक्तिक वापराच्या १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. आधी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असायला हवी.

सीएताई

यात पाचर आहे. ही घरगुती सोय आहे. डोमेनला (कंपनीच्या मध्यवर्ती नेटवर्कला) जोडलेल्या ऑफिसच्या मशीनला ती मिळत नाही, तिथे पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. दुकानाचं मशीन वैयक्तिक की धंद्याचं, हे दादांनी नियम वाचून ठरवावं. मी असते तर त्या पैशांत कॉर्पोरेट ऑफिसातून निघालेलं आठव्या पिढीचं जुनं मशीन शोधलं असतं. घेताना दुकानदारासमोर चालू करून प्रोसेसरचा क्रमांक स्क्रीनवर वाचायचा, डब्यावरच्या स्टिकरवर जायचं नाही.

गिरणगावचा गण्या

म्हणजे शेवटी नवीन मशीन घ्याच. मी काय वेगळं सांगत होतो? सगळा खटाटोप गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालायचा.

सीएताई

गण्यादादा, गिऱ्हाइकाचं पॅनकार्ड दुकानातून बाहेर गेलं तर खिशात हात कुणाच्या जातो? आमच्याकडे अशा लोकांची तक्रार घेऊन येणं चालूच असतं. कुणाच्या नावावर कर्ज निघालेलं, कुणाच्या पॅनवर जीएसटी नंबर. कुठून फुटलं ते शेवटपर्यंत कळत नाही.

खिळेजुळणीकर

बरं, माझं ठरतंय ते असं. काउंटरला ११. डाउनलोड्स फोल्डर रोज रात्री शटर ओढायच्या आधी रिकामा, हे काम भाच्याकडे. पेजमेकरवाल्याची वायर काढली, त्याच्या हार्डडिस्कची अख्खी प्रत काढून घरी कपाटात ठेवतो. दुसऱ्यावर मिंट टाकून बघतो, पण आमचा लेझर प्रिंटर त्याने ओळखला तरच.

आता एवढंच सांगा, पेजमेकरच्या मशीनवरून पीडीएफ बाहेर कशी काढू? पेन ड्राइव्हच ना?

पॅचपांडू

पेन ड्राइव्हच, पण दुकानाचा वेगळा, रंग लावून ठेवलेला. गिऱ्हाइकाने आणलेला त्या मशीनला लावायचा नाही, मग तो मंडळाचा अध्यक्ष का असेना.

गिरणगावचा गण्या

अध्यक्षांना हे तोंडावर सांगायला पॅचपांडूंनाच बोलवा.