डॉईलच्या भूतकथा होम्सच्या वाचकाने वाचाव्यात का?

मंद्रसप्तक: ‘परलोकविद्येच्या, म्हणजे मेलेल्यांशी बोलता येते या समजुतीच्या, नादी लागल्यावर शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉईल याने बुद्धी गहाण ठेवून भूतकथा लिहिल्या, होम्सच्या चाहत्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये,’ हे इथले कालचे विधान वाचून राहवले नाही. ‘लॉट नंबर २४९’ ही ममीची कथा १८९२ची, ‘द ब्राऊन हँड’ १८९९ची; परलोकवादाचा जाहीर पुरस्कार त्याने केला तो १९१६ मध्ये. ‘ब्राऊन हँड’मध्ये मुंबईत नाव कमावलेला इंग्रज सर्जन सरहद्दीकडच्या एका डोंगरी माणसाचा रोगट हात कापतो आणि फीऐवजी तो संग्रहाला ठेवून घेतो. पुढे मुंबईतल्या आगीत तो हात नष्ट होतो आणि मेलेला मालक रोज रात्री इंग्लंडमधल्या घरी येऊन बरण्यांच्या रांगा धुंडाळतो. नात्यातला तरुण डॉक्टर एका लास्कर (युरोपीय जहाजांवरच्या आशियाई) खलाशाचा कापलेला हात मिळवून तिथे ठेवतो, तर भूत तो संतापाने जमिनीवर आपटते, कारण हात डावा असतो! मग उजवा आणून ठेवावा लागतो. निदान, चूक, फेरउपचार. ही होम्सचीच रीत नव्हे काय?

रातकिडा: सनावळ्या अर्धेच सत्य सांगतात. साउथसीला डॉक्टरी करत असतानाच, १८८०च्या दशकात, तो मेलेल्यांशी बोलण्याच्या बैठकांना जात होता आणि १८९३ मध्ये तो अतींद्रिय अनुभवांचा अभ्यास करणाऱ्या सायकिकल रिसर्च सोसायटीचा सभासद झाला. श्रद्धा आधीपासूनच मुरलेली होती.

सह्याद्रीवारा: मला त्या कथेची चीड येते ती वेगळ्याच कारणाने. एका काळ्या माणसाचा हात हरवला, तर दुसऱ्या कुठल्याही काळ्या माणसाचा चालतो. अट काय ती उजवा असण्याची. त्या खलाशाला कोणी विचारले?

मंद्रसप्तक: हा आक्षेप मान्य करावाच लागेल, पण म्हणून कथेची बांधणी सैल ठरत नाही.

रातकिडा: बांधणीचे कौतुक पुरे. १९२२ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीला डॉईलच्या पत्नीने जादूगार हुडिनीच्या मृत आईचा म्हणून जो संदेश लिहिला, तो इंग्रजीत होता आणि वर क्रूस काढलेला होता. हुडिनीची आई इंग्रजी न बोलणारी आणि रब्बीची, म्हणजे ज्यू धर्मगुरूची, पत्नी होती! आमच्या आजीलाही मुलगा गेल्यावर एकाने असेच ‘निरोप’ आणून दिले आणि तिच्या पाटल्या गेल्या. असल्या माणसाची भुते मी करमणूक म्हणून वाचू शकत नाही.

मंद्रसप्तक: आजींचे दुःख मला कळते, परंतु पाटल्या नेणारा ठक आणि स्वतःच फसलेला डॉईल यांना एका दावणीला बांधणे अन्यायाचे आहे. शिवाय १९२४च्या ‘ससेक्स व्हॅम्पायर’ या होम्सकथेमध्ये, स्वतः पुरता परलोकवादी झालेला असतानाही, त्याने होम्सच्या दारात भुताला पाऊल ठेवू दिले नाही.

रातकिडा: तेवढा संयम त्याने पाळला, हे कबूल. पण तो होम्सचा गुण झाला, भूतकथांचा नव्हे.

सह्याद्रीवारा: आणि खलाशाबद्दलच्या माझ्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणीच दिलेले नाही.