मोल्सवर्थ हे आडनाव मुळात कुठलं? आणि आज ते किती जण लावतात, हे कसं मोजायचं?

नौपाडाकर
ठाण्यातल्या एका वाचनालयात मराठी भाषा गौरव दिनानिमित्त जुन्या कोशांचं छोटं प्रदर्शन मांडायचं आहे. मराठी-इंग्रजी कोश रचणाऱ्या जेम्स टॉमस मोल्सवर्थच्या (१७९५–१८७१) फलकावर त्याच्या आडनावाबद्दल चार ओळी हव्या आहेत, कारण बघायला येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. नेटवर जे सापडतं ते एकमेकांशी जुळत नाही. एक जण म्हणतो हे कॉर्नवॉलचं सरदार घराणं, दुसरा म्हणतो आयर्लंडचं. तिसरा म्हणतो जमीन उकरणाऱ्या मोल नावाच्या प्राण्यावरून पडलं. जगात हे आडनाव लावणारे किती, याचे दोन साइटवर दोन आकडे, आणि एक दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट.

तर प्रश्न असे: मूळ गाव कोणतं? आपला कोशकार कुठल्या शाखेचा हे घरबसल्या तपासता येतं का? आणि संख्येबद्दल काय लिहिलं तर कोणी बोट ठेवणार नाही?

वाशी_खाडीपूल
प्राणी आधी खोडून टाका. हे गावावरून पडलेलं आडनाव आहे. मोल्सवर्थ नावाचं गाव जुन्या हंटिंग्डनशर काउंटीत, नॉर्दॅम्प्टनशरच्या हद्दीला लागून आहे. १९७४पासून तो भाग केंब्रिजशरमध्ये मोडतो. डोम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या १०८६च्या जमीनपाहणीच्या दप्तरात, ते 'मोल्सवर्ड' अशा वळणाने नोंदलेलं आहे. शेवटचा 'वर्थ' म्हणजे जुन्या इंग्रजीत कुंपण घातलेली वस्ती, आपल्याकडची वाडी म्हणा. पुढचा भाग माणसाचं नाव: मूल. म्हणजे मूलची वाडी. मूल हे नाव खरंच ठेवत असत. केंटच्या गादीवर बसलेला याच नावाचा एक राजा ६८७ साली जाळून मारला गेला.

आता लोक जिथे घसरतात ते. गावाचं आडनाव माणसाला बहुतेक वेळा गाव सोडल्यावर चिकटतं. चिपळुणात सगळेच चिपळूणचे, तिथे कोणाला चिपळूणकर म्हणून वेगळं ओळखणार? ठाण्यात आला की तो चिपळूणकर. त्यामुळे मोल्सवर्थ गावात मोल्सवर्थ सापडले नाहीत म्हणून व्युत्पत्ती चुकीची ठरत नाही. इंग्लंडात आडनावं स्थिरावली ती नॉर्मन विजयानंतरच्या दोनतीन शतकांत, वरच्या थरात आधी आणि शेत कसणाऱ्या कुळांमध्ये नंतर. तेवढ्या काळात त्या गावातून बाहेर पडलेल्या, एकमेकांशी काही नातं नसलेल्या दोन माणसांना तेच आडनाव मिळणं सहज शक्य आहे.

दुसरी गल्लत चेशरमधल्या मोल्ड्सवर्थ गावाची. ते वेगळं गाव, त्याची व्युत्पत्तीही वेगळी. पण बोलताना मधला 'ड' गिळला की दोन्ही नावं सारखीच ऐकू येतात, आणि पाद्री ऐकू येईल तसं लिहायचा. लँकेशर-चेशरकडचं एखादं मोल्सवर्थ कुटुंब सापडलं तर ते हंटिंग्डनशरचंच असं धरून चालू नका.

घराण्यांचं म्हणाल तर दोन्ही खरी आहेत. कॉर्नवॉलच्या पेनकॅरोचे मोल्सवर्थ १६८९पासून बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेने 'सर' लावणारे. पहिला बॅरोनेट हेंडर मोल्सवर्थ जमेकाचा कारभार बघत होता. आयर्लंडच्या रॉबर्ट मोल्सवर्थला १७१६ साली व्हायकाउंट, म्हणजे उमराव केलं, डब्लिनचा मोल्सवर्थ स्ट्रीट त्या घराण्याच्या नावाचा. मात्र यातलं एकही आडनावाचं मूळ नव्हे. या वर चढलेल्या फांद्या आहेत. सरदारांची वंशावळ छापली जाते, विणकराची छापली जात नाही, म्हणून नेटवर फक्त सरदार दिसतात.

कोपरी_पूर्व
मोल म्हणजेही किंमत आणि वर्थ म्हणजेही किंमत. कोशाच्या जुन्या आवृत्तीचा आज सांगतात तो भाव ऐकला की हीच व्युत्पत्ती बरोबर वाटते. फलकावर लिहू नका एवढंच.

सीवूड्स_४२
संख्येबद्दल. त्या दोन साइटचे आकडे मोजलेले नसतात. मतदारयाद्या, फोनच्या याद्या असलं काहीतरी घेऊन लोकसंख्येच्या प्रमाणात फुगवलेला तो अंदाज असतो. आडनाव जितकं विरळ, तितका अंदाज भरकटतो. ब्रिटनच्या मतदारयाद्यांत आणखी एक खोट आहे: २००२पासून मतदाराला विक्रीच्या यादीतून नाव वगळायची मुभा मिळाली, त्यामुळे त्यानंतरच्या खासगी याद्या अर्धवट असतात. म्हणून फलकावर आजचा जागतिक आकडा टाकूच नका. १८८१च्या जनगणनेवरून वाटणी दाखवा. ३ एप्रिल १८८१च्या रात्री कोण कुठे होतं त्याची माणसागणिक नोंद आहे. तिची पूर्ण लिप्यंतरित यादी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट मिळते, फक्त खातं उघडावं लागतं.

करायचं असं. आडनावाच्या रकान्यात मोल्सवर्थ टाका, 'तंतोतंत' ही खूण चालू ठेवा, वर्ष १८८१, देश इंग्लंड. आलेले निकाल काउंटीवार एका तक्त्यात उतरवा आणि शेजारी जन्मकाउंटीचाही रकाना ठेवा. हा रकाना विसरलात तर सगळी मेहनत पाण्यात, कारण १८८१पर्यंत कापडगिरण्यांनी आणि कोळशाच्या खाणींनी माणसं मूळ जागेवरून कधीच हलवली होती. राहण्याच्या जागेवरून काढलेला नकाशा कारखान्यांचा होतो, आडनावाचा होत नाही.

मग नुसती डोकी मोजू नका, दर काढा. त्या वर्षी लँकेशरची लोकसंख्या साडेचौतीस लाखांच्या घरात होती, हंटिंग्डनशरची साधारण साठ हजार. समजा दोन्हीकडे तीस-तीस जण सापडले. हंटिंग्डनशरमध्ये लाखाला पन्नास, लँकेशरमध्ये लाखाला एकही पुरता नाही. नकाशावर टिंबं सारखीच, अर्थ मात्र उलटा.

हे झालं की तंतोतंतची खूण काढून स्पेलिंग बदलत शोधा: मधला 'ई' गाळून, 'ओ'च्या जागी 'ओ-यू' करून, 'ड' घालून, शेवटचा 'एच' टाकून. इथे साउंडेक्सच्या, म्हणजे उच्चारावरून आडनावाला मिळणाऱ्या सांकेतिक क्रमांकाच्या भरवशावर राहू नका. मोल्सवर्थचा साउंडेक्स एम४२६ येतो. 'ओ-यू'वाला मौल्सवर्थ त्याच खणात पडतो, पण 'ड'वाला मोल्ड्सवर्थ एम४३२मध्ये जातो आणि शोधात दिसतच नाही. हस्तलिखितातला मोठा एम कधीकधी डब्ल्यू म्हणून वाचला गेलेला असतो, तोही एकदा पाहा. आणि कॉर्नवॉलच्या घराण्यातले काही जण मोल्सवर्थ-सेंट ऑबिन असं जोडनाव लावतात. ते सूचीत एस खाली असतात, कधी ए खाली.

काळाप्रमाणे चढउतार हवा असेल तर फ्रीबीएमडी ही नोंदणीच्या सूचीची फुकट साइट. इंग्लंड-वेल्सची सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७पासून आहे. दर दहा वर्षांचे जन्म मोजा. तिमाही ही नोंदणीची असते, जन्माची नसते. नोंदवायला ४२ दिवसांची मुदत होती, म्हणून डिसेंबरचं मूल बऱ्याचदा पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत दिसतं. शिवाय नोंदणी जिल्ह्यांच्या हद्दी काउंटीशी जुळत नाहीत, आणि आपलं गाव नेमकं काउंटीच्या कडेला आहे.

जमेकात किंवा अमेरिकेत हे आडनाव दिसलं तर 'वंशज' हा शब्द वापरू नका. गुलामगिरीत अनेकदा मालकाचं आडनाव लावलं जायचं. आडनाव एक म्हणून रक्त एक असं होत नाही.

नौपाडाकर
आभारी आहे, तक्ता करायला घेतो. दोन गोष्टी राहिल्या. आडनाव इतकं विरळ आहे, तर सगळे एकाच मूळपुरुषाचे असं म्हणता येईल का? आणि कोशकाराची शाखा? तो मूळचा आयर्लंडचा, असं एका ठिकाणी ठामपणे लिहिलेलं दिसलं. त्याच फलकावर कोशाच्या कामातले त्याचे सहकारी जॉर्ज आणि टॉमस कँडी या बंधूंचंही नाव आहे, त्यांच्याही आडनावाची एक ओळ मिळाली तर सोन्याहून पिवळं.

वाशी_खाडीपूल
एकच मूळपुरुष हे स्पेलिंगवरून सिद्ध होत नाही. लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जोबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांचे वाय गुणसूत्र, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारं गुणसूत्र, तपासले. विरळ आडनावांत बरेचसे पुरुष एकदोन पितृवंशांत गोळा झालेले दिसले, स्मिथसारख्या आडनावात तसं काहीच नाही. म्हणजे विरळ आडनावात शक्यता वाढते, एवढंच म्हणायचं. त्यातही दत्तक, आईचं आडनाव लावलेली मुलं, वारसा मिळावा म्हणून बदललेलं आडनाव, हे सगळं वजा होतं.

ऐरोली_दप्तर
कोशकाराबद्दल. 'आयर्लंडचा' किंवा 'कॉर्नवॉलचा' हे बाप्तिस्म्याच्या नोंदीशिवाय लिहू नका. ही नोंद मिळायची चांगली जागा म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचे कॅडेट पेपर्स, लष्करभरतीचे अर्ज. तो कंपनीच्या मुंबई लष्करात अधिकारी होता आणि भरती होणाऱ्या कॅडेटला वयाच्या पुराव्यासाठी बाप्तिस्म्याची प्रत, शिफारस करणाऱ्याचं नाव, पालकाचं नाव असं जोडावं लागायचं. हे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये एल/एमआयएल/९ या मालिकेत आहेत, १७८९ ते १८६०. फाइंडमायपास्टवर त्यांच्या प्रतिमा वर्गणी भरून दिसतात. त्याआधी फिबिसच्या, म्हणजे ब्रिटिशकालीन भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या संस्थेच्या साइटवर फुकट सूची शोधा आणि संदर्भ क्रमांक उतरवून घ्या, म्हणजे वर्गणीचे दिवस चाचपडण्यात जात नाहीत.

मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं एन/३ मालिकेत आहेत, १७०९पासून. एन/१ बंगाल, एन/२ मद्रास. चुकीच्या मालिकेत शोधून 'नोंदच नाही' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ. आपला माणूस १८७१ साली इंग्लंडात वारला, तेव्हा दफन एन/३मध्ये मिळणार नाही. त्यासाठी इंग्लंडची मृत्युपत्रांची सरकारी वार्षिक सूची बघा. १८५८पासूनची ती ऑनलाइन आहे आणि बघायला पैसे पडत नाहीत. नाव सापडलं तर मृत्यूची तारीख, शेवटचा पत्ता आणि व्यवस्थापकांची नावं एका परिच्छेदात मिळतात. व्यवस्थापक बहुधा भाऊ नाहीतर पुतण्या असतो, आणि शाखा तिथेच उलगडते.

जनगणनेतल्या जन्मस्थळाचा एक धोका: १८४१मध्ये याच काउंटीत जन्म आहे की नाही आणि नसेल तर स्कॉटलंड, आयर्लंड किंवा परदेशात आहे का एवढंच विचारलं, आणि पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली ओढलं. १८५१पासून पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतलं गाव, येतं, पण आयर्लंडमध्ये जन्मलेल्यांपुढे बऱ्याचदा नुसतं 'आयर्लंड'. आणि मूळ आयरिश कागद शोधायला गेलात तर १९२२च्या आगीत डब्लिनचं सार्वजनिक दप्तर जळालं, त्यात १८२१ ते १८५१च्या बहुतेक जनगणना आणि पुष्कळ चर्चच्या वह्या गेल्या. तिथे १७०८पासूनचं जमीनदस्तांचं दप्तर वाचलंय, ते वापरतात.

फलकासाठी सुचवतो: 'हंटिंग्डनशरमधल्या मोल्सवर्थ गावावरून पडलेलं आडनाव, १०८६च्या डोम्सडे बुकात या गावाची नोंद. याच आडनावाची दोन सरदार घराणी कॉर्नवॉल आणि आयर्लंडमध्ये झाली.' शाखेचं वाक्य बाप्तिस्मा हाती आल्यावर. कोशाच्या आवृत्त्या १८३१ आणि १८५७ अशा लिहा. दुसरी पहिल्याहून बरीच वाढवलेली आहे, तेव्हा मांडणीत दोन्ही ठेवणार असाल तर साल चिकटवताना उलटापालट होऊ देऊ नका.

कँडींची पद्धत तीच, पण मुंबईच्या कागदांत शोधताना वेगळाच वैताग आहे. इंग्रजी दप्तरात आपल्या खंडीचं स्पेलिंगही कँडीच. मुंबईच्या कापसाची खंडी ७८४ पौंडांची, आणि कापूसबाजारात भाव आजही ३५६ किलोच्या खंडीवर बोलतात. नुसतं आडनाव टाकलंत तर टॉमस कँडीच्या आधी कापसाच्या गासड्या येतील. शोधात 'टॉमस' किंवा 'जॉर्ज' जोडा, हुद्दा जोडा, आणि 'कॉटन' व 'पाउंड' हे शब्द वगळायला सांगा.

नौपाडाकर
फिबिसवर मोल्सवर्थच्या नोंदी दिसतायत, बऱ्याच जणांच्या आद्याक्षरांत जे आहे. आपला कुठला ते कसं ओळखायचं?

ऐरोली_दप्तर
हुद्दा आणि पलटणीवरून. मुंबई लष्कराच्या त्या वर्षांच्या याद्या काढा, त्यात पलटणीनुसार नावं असतात आणि कमिशनची तारीख असते. ती तारीख ज्या नोंदीशी जुळेल तो आपला. नुसत्या 'जे. मोल्सवर्थ'वर जाऊ नका. १८१२च्या आसपासची भरती नसेल तर ती नोंद बाजूला ठेवा.